सर्टिफिकेटचं डीएनएस व्हॅलिडेशन स्वतःच्या स्क्रिप्टने ऑटोमॅटिक करायचंय? मग या क्रमाने करा

दर दोन-तीन महिन्यांनी मला एक ठरलेला फोन येतो, कधी जळगावहून, कधी धुळ्याहून, एकदा तर शहाद्याहून आला होता. "भाऊ, साइटवर लाल पाटी येतेय, सर्टिफिकेट संपलं म्हणते, आणि मी तर ते ऑटोमॅटिक करून ठेवलं होतं ना." (सर्टिफिकेट म्हणजे ही साइट खरंच त्या डोमेनची आहे असा ब्राउझरला दाखवायचा डिजिटल दाखला, तो मुदतीपुरताच असतो.) सर्व्हरवर जाऊन बघितलं की गोष्ट तीच निघते. स्क्रिप्ट पहिल्या दिवशी चालली, सर्टिफिकेट आलं, कुलूप दिसलं, माणूस खूश होऊन झोपला, आणि रिन्यूवलच्या वेळी तीच स्क्रिप्ट कोणी न बघता चालायची होती तिथे ती आडवी झाली.

हे आता जास्त टोचणार आहे कारण मुदती कमी होत चालल्यात. लेट्स एन्क्रिप्ट ही फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था, तिचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं. पैसे देऊन घेतलेल्यांचीही कमाल मुदत सीए-ब्राउझर फोरमने (सीए म्हणजे सर्टिफिकेट देणारे, त्यांची आणि ब्राउझरवाल्यांची ही संघटना) ठरवून टाकलीय, १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७. म्हणजे हाताने करत बसायचे दिवस गेले. आणि लेट्स एन्क्रिप्टकडून "मुदत संपतेय" असा जो ईमेल यायचा तो ४ जून २०२५ पासून बंद आहे, त्याची वाट बघणारे अजूनही भेटतात मला.

एक आधीच सांगतो. कमांड, फाइलची नावं, फ्लॅग सगळं मी इथे देवनागरीत लिहिलंय, टर्मिनलमध्ये अर्थात इंग्रजी स्पेलिंगने टाकायचं.

## हे कोणासाठी आहे, कोणासाठी नाही

तुमची एकच साइट आहे, सर्व्हरला पब्लिक आयपी आहे, पोर्ट ८० उघडा आहे, तर डीएनएसच्या (डोमेनच्या नावाखालच्या नोंदी ठेवणारी व्यवस्था) भानगडीत पडूच नका. एचटीटीपी पद्धत (साइटवरच एक फाइल ठेवून डोमेन तुमचं आहे हे दाखवायचं) वापरा, दहा मिनिटांचं काम आहे.

डीएनएस पद्धत दोन ठिकाणी लागते. एक, वाइल्डकार्ड (सगळ्या सबडोमेनना मिळून एकच) सर्टिफिकेट हवं असेल, म्हणजे प्रत्येक गिऱ्हाईकाला वेगळं सबडोमेन देताय, तर लेट्स एन्क्रिप्ट ते फक्त डीएनएसनेच देतं. दोन, सर्व्हर असा ठेवलाय की बाहेरून तिथे पोचताच येत नाही. रावेर-सावद्याकडे केळीच्या वखारीत ऑफिसातच सर्व्हर असतो, नेट गावातल्या केबलवाल्याचं, तो शंभर घरांना मिळून एक पब्लिक आयपी देतो, मग पोर्ट ८० उघडणार कुठून? तिथे हाच रस्ता.

प्रकार नेमका काय होतो ते चार ओळीत. सर्टिफिकेट देणारा म्हणतो, डोमेन तुझंच आहे ना, मग त्याच्या डीएनएसमध्ये _अ‍ॅक्मी-चॅलेंज (स्पेलिंग ए-सी-एम-ई, पुढे हायफन, पुढे चॅलेंज) या नावाने एक टीएक्सटी रेकॉर्ड (मजकुराची नोंद) टाक, त्यात मी सांगतो ती ४३ अक्षरांची व्हॅल्यू ठेव. तुम्ही टाकता, तो जगातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून ते बघतो, पटलं तर सर्टिफिकेट देतो. मग ते रेकॉर्ड काढून टाकायचं. स्क्रिप्टला एवढंच करायचंय: टाक, थांब, काढ. यातलं "टाक" सगळ्यांना जमतं. "थांब" आणि "काढ" मध्ये घोळ होतो.

## १. स्क्रिप्टला हात लावायच्या आधीची तयारी

निम्म्या लोकांचं इथेच चुकतं, कारण तयारी कंटाळवाणी असते आणि कोड लिहायला हात शिवशिवत असतात.

डीएनएस खरंच कुठे आहे ते बघा. डोमेन एका कंपनीकडून घेतलं, नेमसर्व्हर (डोमेनच्या रेकॉर्डची उत्तरं जगाला देणारे सर्व्हर) दुसऱ्याचे, होस्टिंगचं पॅनल तिसऱ्याचं, आणि तिन्हीकडे "डीएनएस मॅनेज" असं बटण असतं. चुकीच्या पॅनलमध्ये रेकॉर्ड टाकलं तर एरर काहीच येत नाही, फक्त ते जगाला दिसत नाही. डिग या डीएनएसला विचारणाऱ्या कमांडने त्या डोमेनचे एनएस (नेमसर्व्हरचे) रेकॉर्ड काढा, जी नावं येतील त्यांच्याकडेच काम करायचंय.

झोन, म्हणजे डोमेनच्या सगळ्या रेकॉर्डचा गठ्ठा, कोणता ते कागदावर लिहा. समजा डोमेन आहे वखार डॉट को डॉट इन आणि सर्टिफिकेट हवंय बिल डॉट वखार डॉट को डॉट इन ला. नेटवर मिळणाऱ्या बऱ्याच स्क्रिप्ट शेवटचे दोन तुकडे घेतात आणि त्यालाच झोन समजतात. डॉट कॉमला हे चालून जातं. आपल्याकडे शेवटचे दोन तुकडे निघतात को डॉट इन, आणि स्क्रिप्ट बिचारी एपीआयला (प्रोव्हायडरशी स्क्रिप्टने बोलायची खिडकी) विचारते की को डॉट इन चा झोन दे! उपाय सोपा आहे, डावीकडून एकेक तुकडा काढत जायचं आणि उरलेलं नाव तुमच्या अकाउंटमधल्या झोनच्या यादीत आहे का ते बघायचं. पाच-दहाच डोमेन असतील तर तेवढीही हुशारी नको, एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये डोमेन आणि त्याचा झोन आयडी लिहून ठेवा. मी तेच करतो.

पूर्ण झोनचा बॅकअप घ्या. हे गंमत म्हणून सांगत नाहीये. काही प्रोव्हायडरच्या एपीआयमध्ये "एक रेकॉर्ड जोड" अशी सोयच नसते, "ही घे रेकॉर्डची यादी" एवढंच असतं, आणि तुम्ही जी यादी द्याल ती जुन्या सगळ्या यादीच्या जागी बसते. मी एकदा एका जिनिंगवाल्या गिऱ्हाईकासाठी घाईत असं एकच टीएक्सटी रेकॉर्ड पाठवलं. सर्टिफिकेट मस्त आलं, आणि साइट, ईमेल, सगळंच गेलं कारण झोनमध्ये आता फक्त माझं ते एकच रेकॉर्ड उरलं होतं. हंगामाचे दिवस, कापसाच्या गाड्या दारात उभ्या, आणि त्या माणसाचा ईमेल बंद. बॅकअप नव्हता, जुन्या स्क्रीनशॉटवरून एकेक ओळ परत भरली. तेव्हापासून एपीआयचं डॉक्युमेंटेशन वाचताना मी पहिल्यांदा एकच शोधतो: हे जोडतं की बदलतं?

सीएए रेकॉर्ड आहे का ते तपासा. त्यात लिहिलेलं असतं की या डोमेनला सर्टिफिकेट कोण देऊ शकतो. रेकॉर्डच नसेल तर कोणीही देऊ शकतो, काळजी नाही. पण असेल आणि त्यात तुमच्या सीएचं नाव नसेल तर बाकी सगळं बरोबर असूनही नकार येणार. वाइल्डकार्डसाठी त्यात वेगळी ओळही असू शकते, इश्यूवाइल्ड नावाची, ती लोकांच्या नजरेतून सुटते. आणि अ‍ॅक्मी डॉट एसएच (सर्टिफिकेट आणणारा एक प्रोग्राम) वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा, त्याच्या तिसऱ्या व्हर्जनपासून, म्हणजे ऑगस्ट २०२१ पासून, डीफॉल्ट सीए झीरोएसएसएल आहे, लेट्स एन्क्रिप्ट नाही. सीएएमध्ये फक्त लेट्स एन्क्रिप्ट लिहिलंय आणि क्लायंट जातोय झीरोएसएसएलकडे, अशी जोडी मी तीनदा तरी बघितलीय.

एपीआयचं टोकन (स्क्रिप्टसाठीचा पासवर्ड) एकाच झोनपुरतं घ्या. अकाउंटची मास्टर की स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवू नका राव. ती कोणाच्या हाती लागली तर सगळ्या गिऱ्हाईकांची डोमेन गेली. क्लाउडफ्लेअरसारख्या ठिकाणी "या एकाच झोनचं डीएनएस एडिट" एवढ्याच परवानगीचं टोकन बनवता येतं. टोकन वेगळ्या फाइलमध्ये, मालक रूट, परमिशन ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल). आणि एपीआयला विनंती पाठवणाऱ्या कर्लच्या कमांडमध्ये टोकन थेट लिहू नका, सर्व्हरवर दुसरा कोणी यूजर असेल तर त्याला पीएस (चालू प्रोग्रामची यादी) कमांडमध्ये ते अख्खं दिसतं, कर्लला कॉन्फिग फाइलमधून वाचायला सांगा.

आयपीची अट आहे का ते विचारा. काही प्रोव्हायडर एपीआय फक्त ठरावीक आयपीवरूनच वापरू देतात. तुम्ही आज तुमच्या ब्रॉडबँडचा आयपी तिथे टाकला, स्क्रिप्ट चालली, आणि पुढच्या आठवड्यात लाइट गेली, राउटर परत चालू झाला, आयपी बदलला. "पहिल्यांदा चाललं होतं भाऊ" मधले कितीतरी किस्से हेच असतात. अशा वेळी स्क्रिप्ट व्हीपीएसवर (कायमचा आयपी असलेला भाड्याचा सर्व्हर) चालवा आणि सर्टिफिकेट तिथून आत कॉपी करा.

## २. एकदा हाताने करून बघा, घड्याळ लावून

स्क्रिप्ट नाही, सर्टबॉट (लेट्स एन्क्रिप्टकडून सर्टिफिकेट आणणारा प्रोग्राम) नाही, काहीच नाही. पॅनलमध्ये जाऊन _अ‍ॅक्मी-चॅलेंज नावाने एक टीएक्सटी रेकॉर्ड टाका, व्हॅल्यू काहीही, टीटीएल (उत्तर किती वेळ लक्षात ठेवायचं तो आकडा) जितका कमी ठेवता येईल तितका. मग डिगने थेट त्या झोनच्या नेमसर्व्हरला विचारा, तिथे दिसतं का.

नाही दिसलं तर आधी नाव बघा. बरीच पॅनल नावापुढे डोमेन स्वतःच जोडतात. तुम्ही पूर्ण नाव टाकलं की तयार होतं _अ‍ॅक्मी-चॅलेंज डॉट वखार डॉट को डॉट इन डॉट वखार डॉट को डॉट इन. पॅनलमध्ये ते लांबलचक नाव अर्धंच दिसतं म्हणून लक्षातही येत नाही. एपीआयचंही तसंच, कोणाला पूर्ण नाव लागतं, कोणाला फक्त पहिला तुकडा, कोणाला शेवटी टिंब लागतं. हे आत्ताच पक्कं करून लिहून ठेवा.

रेकॉर्ड सेव्ह केल्यापासून सगळ्या नेमसर्व्हरवर दिसेपर्यंत किती वेळ गेला ते मोजा. कोणाकडे पाच सेकंद लागतात, कोणाकडे दहा मिनिटं, आणि काही जुन्या पॅनलमध्ये झोन ठरावीक वेळानेच बाहेर जातो. हा आकडा पुढे लागणार आहे.

तपासा: झोनच्या प्रत्येक नेमसर्व्हरला वेगवेगळं विचारलं का? दोन असोत की चार, सगळे. सीए वेगवेगळ्या ठिकाणांहून बघतो, त्यातला एखादा नेमका तुमच्या मागे राहिलेल्या नेमसर्व्हरला विचारेल.

## ३. रेकॉर्ड टाकणारी स्क्रिप्ट

सर्टबॉट वापरत असाल तर मॅन्युअल मोडमध्ये दोन हुक (सर्टबॉट ठरलेल्या वेळी चालवतो त्या तुमच्या स्क्रिप्ट) द्यायचे असतात, ऑथ-हुक आणि क्लीनअप-हुक. सर्टबॉट तुमच्या स्क्रिप्टला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून डोमेन आणि व्हॅल्यू देतो. व्हॅल्यू तयार असते, तिच्यावर परत हॅशिंग-बिशिंग करायचं नाही, जशी आली तशी ठेवायची. वाइल्डकार्डसाठीही डोमेन स्टारशिवाय येतं, त्यामुळे स्टार कापायचा कोड लिहायची गरज नाही.

आता इथल्या चुका, या एकापेक्षा एक छुप्या आहेत.

पहिली, आणि सगळ्यात जास्त दिसणारी. वखार डॉट को डॉट इन आणि त्याचं वाइल्डकार्ड दोन्ही एकाच सर्टिफिकेटमध्ये मागितले (मागावेच लागतात, कारण वाइल्डकार्डमध्ये मूळ नाव येत नाही) तर दोन व्हॅल्यू येतात आणि दोन्ही एकाच नावाखाली ठेवायच्या असतात. एकाच वेळी. तुमची स्क्रिप्ट "असेल तर बदल" अशी लिहिली असेल तर दुसरी व्हॅल्यू पहिलीला पुसून टाकते आणि दोनातलं एक व्हॅलिडेशन हमखास पडतं. एकाच नावाचे दोन टीएक्सटी रेकॉर्ड ठेवणं पूर्णपणे चालतं. स्क्रिप्टमध्ये "जोड" हवं.

दुसरी, भुतासारखी. त्या ४३ अक्षरांमध्ये हायफन आणि अंडरस्कोर येऊ शकतात. पहिलंच अक्षर हायफन आलं तर ज्या कमांडला तुम्ही ती व्हॅल्यू दिली ती कमांड तिला फ्लॅग समजते आणि "असा ऑप्शन नाही" म्हणून बाहेर पडते. पहिलं अक्षर ६४ पैकी कोणतंही असू शकतं, म्हणजे साधारण ६४ वेळा एकदा हे होणार. टेस्टिंगमध्ये सापडत नाही, आणि रात्री तीनला सापडतं. व्हॅल्यू कायम कोट्समध्ये ठेवा, आणि ग्रेपला (मजकूर शोधणारी कमांड) देताना आधी दोन हायफन टाकून मग व्हॅल्यू द्या, सोबत एफ फ्लॅग म्हणजे तो तिला पॅटर्न समजणार नाही.

तिसरी, उसनवारीची. अ‍ॅक्मी डॉट एसएच आपल्या स्क्रिप्टला _अ‍ॅक्मी-चॅलेंजसकट पूर्ण नाव देतो, सर्टबॉट फक्त डोमेन देतो. एकाची स्क्रिप्ट उचलून दुसऱ्याला लावली की नावात चॅलेंज दोनदा येतं नाहीतर येतच नाही. अ‍ॅक्मी डॉट एसएचमध्ये अजून एक, फाइलचं नाव आणि आतल्या दोन फंक्शनची नावं (एकाच्या शेवटी अ‍ॅड, दुसऱ्याच्या शेवटी आरएम) जुळलीच पाहिजेत, नाहीतर त्याला स्क्रिप्ट सापडत नाही.

चौथी, एपीआयचं उत्तर न बघणं. एचटीटीपी कोड २०० आला म्हणजे झालं असं समजू नका, कितीतरी एपीआय २०० देऊन आत जेसनमध्ये "सक्सेस फॉल्स" लिहितात. उत्तर वाचा, गडबड असेल तर लॉगमध्ये लिहा आणि स्क्रिप्ट एररने बंद करा.

उत्तरात रेकॉर्डचा आयडी येतो तो जपून ठेवा. स्टँडर्ड आउटपुटवर तेवढाच आयडी छापला तर सर्टबॉट तो क्लीनअप-हुकला देतो. पण मग मध्ये कुठेही "रेकॉर्ड टाकलं बरं का" असे एको ठेवू नका, तेही सगळं त्यात मिसळतं. गप्पा मारायच्या त्या लॉग फाइलमध्ये.

सावधान: स्क्रिप्ट विंडोजवर नोटपॅडमध्ये लिहून सर्व्हरवर टाकली असेल तर ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर येतं आणि "बॅड इंटरप्रीटर" म्हणून ती सुरूच होत नाही. डॉस-टू-युनिक्सने साफ करा.

## ४. थांबणं, म्हणजेच खरं काम

एपीआयने "ओके" म्हटलं याचा अर्थ त्यांच्या डेटाबेसमध्ये नोंद झाली. घड कापला म्हणजे केळी पिकली असं होत नाही ना, तसंच आहे. नोंद तिथून प्रत्येक नेमसर्व्हरवर पोचायला वेळ जातो, आणि सर्टबॉट मॅन्युअल मोडमध्ये स्वतःहून थांबत नाही, तुमची स्क्रिप्ट संपली की तो लगेच पुढे जातो. थांबायची जबाबदारी तुमची.

लोक स्लीप ३० लिहितात. मी पण लिहायचो. मग एखाद्या रात्री प्रोव्हायडरचं काम संथ असतं आणि ३१ वं सेकंद लागतं. त्यापेक्षा असं करा: झोनचे एनएस काढा, प्रत्येकाला थेट टीएक्सटी विचारा, आपली व्हॅल्यू सगळ्यांकडे दिसली तरच पुढे, नाहीतर दहा सेकंद थांबून परत. वर कमाल मर्यादा ठेवा, दुसऱ्या टप्प्यात मोजलेल्या वेळेच्या तिप्पट धरा. सगळ्यांकडे दिसल्यावरही अजून वीसेक सेकंद जाऊ द्या, कारण एकाच नावाच्या नेमसर्व्हरमागे वेगवेगळ्या देशांत बरीच मशीन असू शकतात, तुम्हाला त्यातलं जवळचंच दिसतं.

सावधान: हे तपासायला गूगलचा चार वेळा आठ (८.८.८.८) किंवा तुमच्या नेटवाल्याचा रिझॉल्व्हर (तुमच्या वतीने नेमसर्व्हरला विचारून उत्तर आणणारा सर्व्हर) वापरू नका. रेकॉर्ड यायच्या आधी त्याला विचारलं की तो "नाही" हे उत्तर लक्षात ठेवतो, झोनच्या एसओएमध्ये (झोनच्या माहितीचं मुख्य रेकॉर्ड) लिहिलेल्या वेळेपर्यंत. मग रेकॉर्ड आलं तरी तो नाहीच म्हणत राहतो, स्क्रिप्ट ताटकळते, आणि तुम्ही प्रोव्हायडरला शिव्या देता.

याचीच एक गावठी बाजू. काही नेटवाले पोर्ट ५३ वरची प्रत्येक विचारणा मध्येच पकडून स्वतःच उत्तर देतात. तुम्हाला वाटतं आपण नेमसर्व्हरला विचारतोय, पण बोलतो मधला. ओळखायचं कसं, डिगच्या पूर्ण उत्तरात फ्लॅगच्या ओळीत एए हा फ्लॅग दिसला पाहिजे, म्हणजे उत्तर खऱ्या मालकाने दिलं. एए नसेल तर त्या लाइनवर ही तपासणी कामाची नाही, स्क्रिप्ट व्हीपीएसवर हलवा.

नावं जास्त असतील तर प्रत्येक नावाला वेगळं थांबू नका, वीस नावं गुणिले पाच मिनिटं म्हणजे शंभर मिनिटं. सर्टबॉट अजून किती चॅलेंज बाकी आहेत तो आकडाही देतो, तो शून्य झाला की शेवटच्या वेळीच सगळ्यांसाठी एकदम थांबा.

## ५. काढणारी स्क्रिप्ट

नियम एकच: जे टाकलं तेच काढायचं, आयडीने नाहीतर व्हॅल्यू जुळवून. "_अ‍ॅक्मी-चॅलेंज नावाचं सगळं उडव" असं लिहिलं तर एक दिवस दुसऱ्या सर्व्हरवर त्याच डोमेनचं रिन्यूवल चालू असेल आणि तुम्ही त्याच्या पायाखालची जमीन काढाल. असं होणार नाही वाटतं, पण दोन्ही सर्व्हरवर क्रॉन (ठरल्या वेळी कमांड चालवणारा) रात्री बाराला लावलेला असतो, आपली सवयच ती.

काढताना रेकॉर्ड सापडलंच नाही तर तो एरर धरू नका, लॉगमध्ये लिहा आणि गुपचूप बाहेर पडा. मधेच लाइट जाऊन एखादं जुनं टीएक्सटी राहिलं तर त्याने बिघडत काही नाही, पण महिन्यातून एकदा पॅनल उघडून झाडून घ्या.

## एपीआयच नसेल तर

छोट्या होस्टिंगवाल्यांकडे बऱ्याचदा एपीआय नसतो, किंवा असतो पण टोकन अख्ख्या अकाउंटचं मिळतं. तेव्हा चॅलेंजचं नाव दुसऱ्या झोनकडे वळवा. मूळ डोमेनमध्ये _अ‍ॅक्मी-चॅलेंज नावाचं एक सीनेम रेकॉर्ड हाताने एकदाच टाकायचं, ते बोट दाखवतं अशा एका वेगळ्या डोमेनकडे ज्याचा चांगला एपीआय आहे. लेट्स एन्क्रिप्ट त्या सीनेममागे जातं. स्क्रिप्ट मग फक्त त्या दुसऱ्या झोनमध्ये लिहिते, मूळ झोनला हातही लागत नाही. गिऱ्हाईकाच्या ईमेलला धक्का लागायची भीती संपते, म्हणून मला तर एपीआय असला तरी हीच पद्धत जास्त आवडते.

स्वतःचा बाइंड (डीएनएसचा प्रोग्राम) सर्व्हर असेल तर एनएसअपडेट (रेकॉर्ड बदलायची कमांड) आणि टीसिग की (त्यासाठीची गुप्त किल्ली) वापरा, आणि अपडेट-पॉलिसीत त्या कीला फक्त त्या एकाच नावाच्या टीएक्सटीची परवानगी द्या.

तपासा: त्या _अ‍ॅक्मी-चॅलेंज नावावर आधीचं एखादं टीएक्सटी पडलंय का? सीनेमसोबत त्याच नावावर दुसरं रेकॉर्ड चालत नाही, आधी ते काढा.

## ६. स्टेजिंगवर घासून घ्या

लेट्स एन्क्रिप्टचा टेस्टिंगसाठी वेगळा सर्व्हर आहे, स्टेजिंग. तिथलं सर्टिफिकेट ब्राउझर मानत नाही पण बाकी प्रक्रिया तीच. थेट खऱ्यावर ट्राय करत बसलात तर एका नावाला एका तासात ५ व्हॅलिडेशन फेल झाली की दार बंद, आणि नावांच्या अगदी त्याच संचाचं सर्टिफिकेट ७ दिवसांत ५ पेक्षा जास्त मिळत नाही. हे दुसरं जास्त वाईट, कारण नावांचा संच तोच ठेवायचा असेल तर तिथे थांबण्याशिवाय इलाज नसतो.

स्टेजिंगवर ड्राय-रन फ्लॅग लावून (म्हणजे सर्टिफिकेट न ठेवता नुसती रंगीत तालीम) किमान दोनदा चालवा, आणि एकदा मुद्दाम टोकन चुकीचं देऊन. लॉगमध्ये समजेल असा एरर येतो का, आणि स्क्रिप्ट एररने बाहेर पडते का, ते बघा. हे कोणी करत नाही.

## ७. खरं सर्टिफिकेट, आणि ते सर्व्हरने उचलणं

आता खऱ्यावर. सर्टबॉट ही पहिली कमांड रिन्यूवल फोल्डरमधल्या कॉन्फिगमध्ये जशीच्या तशी लिहून ठेवतो, हुकच्या पत्त्यासकट. म्हणून स्क्रिप्ट आधीच तिच्या कायमच्या जागी ठेवा, यूएसआर-लोकल-एसबिनमध्ये ठेवा, तुमच्या होम फोल्डरमधल्या "टेस्ट-नवीन-२" मध्ये नको. नंतर फोल्डर आवरताना ती उडते.

सर्टिफिकेट फाइलमध्ये आलं म्हणजे एनजिनएक्सने (साइट दाखवणाऱ्या वेब सर्व्हरने) ते घेतलं असं नाही. त्याला रीलोड करावं लागतं. डिप्लॉय-हुकमध्ये आधी कॉन्फिगची टेस्ट आणि ती पास झाली तरच रीलोड. हा हुक रिन्यूवल यशस्वी झालं तरच चालतो. त्याच सर्टिफिकेटवर मेल सर्व्हर असेल तर त्यालाही यात धरा, साइट चालू आणि आउटलुक बोंबलतंय हा प्रकार याच्यामुळे.

एनजिनएक्सला पत्ता सर्टबॉटच्या लाइव्ह फोल्डरचा द्या आणि फुलचेन (मधल्या सर्टिफिकेटसकट असलेल्या) फाइलचा. नुसती सर्ट फाइल दिली तर कॉम्प्युटरवर चालतं आणि काही मोबाइलवर नाही.

## ८. दुसऱ्यांदा चालेल याची खात्री

इथे बहुतेक सगळे घसरतात. रिन्यूवलची टेस्ट म्हणून लोक फोर्स-रिन्यूवल मारतात, झटकन नवं सर्टिफिकेट येतं, खूश. पण सीए तुमचं आधीचं व्हॅलिडेशन काही काळ लक्षात ठेवतो, त्या काळात परत मागितलं तर चॅलेंज घेतच नाही. म्हणजे तुमची स्क्रिप्ट चाललीच नाही आणि तुम्ही तिला पास केलं! वर ५ च्या कोट्यातलं एक गेलं ते वेगळंच. टेस्टसाठी रिन्यूला ड्राय-रन लावा, आणि तुमच्याच लॉगमध्ये टाकलं-थांबलो-काढलं या तिन्ही ओळी आल्या का ते डोळ्याने बघा. डिप्लॉय-हुक मात्र ड्राय-रनमध्ये आपोआप चालत नाही, तो वेगळा चालवून बघा.

मग वातावरण. टर्मिनलमध्ये तुम्ही चालवता तेव्हा तुमचा पाथ (कमांड कुठे शोधायच्या ती यादी), तुमचे व्हेरिएबल असतात. क्रॉनकडे जवळपास काहीच नसतं. जेक्यू (जेसन वाचणारी कमांड), डिग, कर्ल सगळ्यांचा पूर्ण पत्ता स्क्रिप्टमध्ये लिहा, आणि टोकन बॅशआरसीमधून (तुमच्या टर्मिनलची सेटिंग फाइल) येतंय असं तर नाही ना ते बघा.

क्रॉन की सिस्टमडी टायमर? आमच्याकडे टायमर. साधा क्रॉन ठरलेल्या मिनिटाला लाइट नसली तर ती पाळी सोडून देतो, आणि लोडशेडिंगची वेळ ठरलेली असते तशी क्रॉनचीही, दोन्ही जुळल्या तर महिनाभर एकदाही चालणार नाही. डेबियन-उबंटूच्या पॅकेजसोबत येणारा सर्टबॉटचा टायमर दिवसातून दोनदा चालतो, मशीन बंद असताना पाळी चुकली तर चालू झाल्यावर भरून काढतो. तो चालू आहे ना एवढं बघा, वेगळा क्रॉन लावू नका.

जुन्या मशीनचं अजून एक. सीमॉसचा (आतल्या घड्याळाचा) सेल मेलेला असतो, लाइट जाऊन आली की घड्याळ कुठल्या तरी जुन्या वर्षात जातं, आणि एपीआयशी जोडणीच होत नाही कारण समोरचं सर्टिफिकेट त्याला "अजून सुरूच झालेलं नाही" वाटतं. एनटीपी (नेटवरून घड्याळ जुळवणारी सोय) चालू ठेवा, आणि पन्नासेक रुपयांचा सेल बदलून टाका.

## ९. पहारा

ईमेल येत नाही हे वर सांगितलंच. स्वतःचा पहारा लावा, आणि तो फाइलवर नको, चालू साइटवर हवा, कारण फाइल नवी आणि एनजिनएक्स जुनंच वाटतोय असं होतं. ओपनएसएसएलच्या एस-क्लायंटने साइटला जोडून सर्टिफिकेट घ्या आणि चेकएंडला १२९६००० द्या, म्हणजे १५ दिवसांचे सेकंद. त्यापेक्षा कमी उरले असतील तर टेलिग्रामवर मेसेज. ९० दिवसांचं सर्टिफिकेट सर्टबॉट ३० दिवस उरले की बदलायला लागतो, म्हणून १५ वर मेसेज आला याचा अर्थ पंधरा दिवस तो रोज दोनदा आपटतोय. पुढे मुदती कमी होतील तेव्हा हा आकडाही कमी करावा लागेल.

हा पहारा त्याच सर्व्हरवर ठेवू नका. सर्व्हर पडला तर पहारेकरीही झोपला.

सगळं लावून झालं की आजपासून ६१ व्या दिवसाची आठवण मोबाइलमध्ये टाका. त्या दिवशी साइट उघडा, पत्त्याशेजारच्या चिन्हावर क्लिक करा, सर्टिफिकेटची तारीख नवी आहे का ते बघा, आणि नवी असेल तरच गिऱ्हाईकाला बिल पाठवा.